तत्त्वज्ञानाची पदवी आणि कर्ज: मराठवाड्यातला हिशेब

बारावीनंतर पोरानं तत्त्वज्ञान घ्यायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "ते शिकून काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. त्यासाठी एकूण खर्च किती, त्यातले उसने किती आणि कोणत्या दरानं, हे कुणी विचारत नाही. मिळकतीचा अंदाज सगळे करतात, व्याजाचा कुणीच करत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बी.ए. आणि एम.ए. मिळून कर्जाचं मुद्दल दोन लाखांच्या आत राहत असेल तर तत्त्वज्ञान बिनधास्त घ्या. त्यासाठी दहा लाख काढावे लागत असतील तर घेऊ नका, विषयाचं वेड कितीही असलं तरी. दोन लाख हा आकडा हवेतून काढलेला नाही. तो मिळकतीकडून उलटा मोजत आणलाय, म्हणून मिळकतीपासूनच सुरुवात करू.

आधी एक गफलत दूर करायला हवी. "तत्त्वज्ञान घेऊन अमका तलाठी झाला, तमकी बँकेत लागली" असं सांगतात तेव्हा त्यात तत्त्वज्ञानाचा वाटा शून्य असतो. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, एस-८ वेतनश्रेणीत लागतो, मूळ वेतन २५,५०० रुपये. मंत्रालयातल्या किंवा जिल्ह्याच्या कार्यालयातल्या लिपिक-टंकलेखकाचं मूळ वेतन १९,९००. सरकारी बँकेतल्या पीओचं, म्हणजे परिविक्षाधीन अधिकाऱ्याचं, ४८,४८०. या जागांना कुठलीही पदवी चालते. इतिहास घेतला असता तरी त्या मिळाल्या असत्या आणि तत्त्वज्ञान घेतलं म्हणून त्या बुडत नाहीत. हिशेबात त्या दोन्ही बाजूंना सारख्याच येतात, म्हणून बाजूला ठेवायच्या.

विषयामुळे जो फरक पडतो तो मुख्यतः शिकवण्यात. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७००, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्या जागेपर्यंत पोचायच्या आधी बहुतेकांची जी वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांच्या पैशांवर, जातात, त्यांचा आकडा कुणी सांगत नाही. समजा ताशी ९०० रुपये मिळतात, आठवड्याला ९ तास आहेत आणि अध्यापनाचे आठवडे ३० धरले. ९०० गुणिले ९ गुणिले ३० म्हणजे वर्षाला २ लाख ४३ हजार. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला २०,२५०. तेही बिलं वेळेवर निघाली तर. सुट्ट्यांत तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत.

कनिष्ठ महाविद्यालयाचा मार्ग वेगळा. राज्य मंडळात अकरावी-बारावीला तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र हे दोन स्वतंत्र विषय आहेत, दोन्हींची बालभारतीची पुस्तकं आहेत. त्यासाठी एम.ए. आणि बी.एड. लागतं, टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, भरती शासनाच्या पवित्र पोर्टलवरून. लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३च्या वाढीनंतर कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षण सेवकाचं मानधन महिना २०,००० आहे. म्हणजे कुठल्याही दारानं आत गेलात तरी पहिल्या पायरीवर वीस हजारच हाती पडतात. कर्ज फेडायचं ते याच पगारातून, ५७,७०० मधून नाही, कारण हप्ते पहिल्या पायरीवर असतानाच सुरू होतात.

बी.एड.च्या वाटेवर एक खड्डा आहे. तत्त्वज्ञान हा शाळेचा विषय नाही. पहिली ते दहावी कुठंच तो शिकवत नाहीत. बी.एड.ला अध्यापन पद्धती शालेय विषयाची निवडावी लागते आणि माध्यमिकच्या जाहिराती विषयवार निघतात. ज्यानं तत्त्वज्ञानाबरोबर मानसशास्त्र किंवा लोकप्रशासन घेतलं, त्याच्याकडं नववी-दहावीला शिकवायला विषयच उरत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, आलंय, त्यात मेजर तत्त्वज्ञान असेल तर मायनर मराठी, इंग्रजी, इतिहास किंवा भूगोल यांतलाच ठेवा. हा निर्णय पदवीच्या सुरुवातीलाच होतो, फुकट होतो आणि नंतर दुरुस्त करायला गेलात तर आणखी एक पदवी लागते.

मराठवाड्यात तत्त्वज्ञान मेजर घेता येतं अशी महाविद्यालयं मोजकी आहेत. जिथं आहे तिथंही विभाग एकाच प्राध्यापकावर चालतो. विद्यार्थी घटले की कार्यभार घटतो, कार्यभार घटला की जागा जाते किंवा निवृत्तीनंतर भरलीच जात नाही. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात जाऊन विचारा: गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाला या विषयाचे किती विद्यार्थी होते? शिकवणारे पूर्णवेळ आहेत की तासिकेवर? ते कधी निवृत्त होणार? विभागप्रमुख दोन वर्षांत निवृत्त होणार असतील तर मध्येच विषय बदलायची वेळ येऊ शकते. वाईट वाटून घेऊ नका. पैठण-आंबेजोगाईच्या मुलखात ब्रह्म आणि माया यांवर आठशे वर्षं लिहिलं गेलंय, पण विभागाला मंजुरी मिळते ती पटावर.

खासगी अनुदानित संस्थेत कायम जागेसाठी "डोनेशन" मागितलं जातं, हे उघड गुपित आहे. ते बेकायदा आहे, पावती नसते, मध्येच भरती थांबली किंवा मान्यता अडली तर परत मागायला तोंड नसतं. तरी जमीन विकून ते देणारी घरं आहेत. तुमच्या मनात "वेळ आली तर देऊ" असा विचार असेल तर तो शिक्षणाच्या खर्चातच धरा आणि मग बघा, हा सौदा परवडतो का. बहुतेक वेळा कागदावर मांडल्याबरोबर विचार मागं पडतो.

नेट (देशपातळीवरची) आणि सेट (राज्याची) या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांकडं बघण्याचा दृष्टिकोनही बदलायला हवा. जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. अनिवार्य नाही. एम.ए.ला खुल्या प्रवर्गासाठी ५५ टक्के, राखीवसाठी ५०. परीक्षा तीन तासांची: पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुणांचा, दुसरा विषयाचा १०० प्रश्न २०० गुणांचा, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिला पेपर सगळ्या विषयांना एकच असतो आणि तत्त्वज्ञानाची मुलं तिथंच ढिली पडतात. आकडेवारीचे तक्ते, संशोधन पद्धती, संगणकाचे प्रश्न. त्यात युक्तिवादाचा जो भाग आहे, अनुमान, प्रत्यक्ष, हेत्वाभास वगैरे, तो मात्र त्यांना आयता मिळतो.

"विषय छोटा, स्पर्धक कमी, म्हणून जेआरएफ सोपी" असं क्लासवाले सांगतात. (जेआरएफ म्हणजे नेटमधल्या वरच्या गुणांवर मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती.) ते खरं नाही. दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी ६ टक्के सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरवले जातात आणि त्या जागा विषयानुसार वाटताना त्या विषयात किमान गुण मिळवणाऱ्यांच्या संख्येचं प्रमाण बघतात. विषय छोटा तर जागाही छोट्याच.

पण जेआरएफ मिळाली तर हिशेब पार उलटतो. पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढची तीन वर्षं ४२,०००. आठ लाख ८८ हजार अधिक पंधरा लाख १२ हजार, म्हणजे पाच वर्षांत बरोबर २४ लाख, घरभाडं वेगळं. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गासाठी आहेत, त्यांकडंही लक्ष ठेवा. यात एकच अडचण, पैसे महिन्याच्या महिन्याला येतील याची खात्री नसते. कधी चार-चार महिन्यांचे एकदम येतात. फेलोशिप लागली म्हणून लगेच जास्त हप्त्याचं कर्ज किंवा मोटारसायकल घेणारे याच ठिकाणी अडकतात. पहिली थकबाकी हातात आली की सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाका, मग बाकीचं. आणि अधिछात्रवृत्तीबरोबर जे हमीपत्र लिहून घेतात ते वाचून सही करा. बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले तेव्हा त्यांच्याकडूनही परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार लिहून घेतला होता. शिष्यवृत्तीलाही अटी असतात, आणि अटी म्हणजे एक प्रकारचं देणंच.

आता स्पर्धा परीक्षा. इथं तत्त्वज्ञान खरोखर कामाला येतं. यूपीएससी मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय म्हणून २५० गुणांचे दोन पेपर. पहिल्यात भारतीय आणि पाश्चात्त्य दर्शनं, दुसऱ्यात सामाजिक-राजकीय तत्त्वज्ञान आणि धर्माचं तत्त्वज्ञान. शिवाय २०१३पासून सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिशास्त्राचा, तोही २५० गुणांचा. एमपीएससीनं राज्यसेवा मुख्य परीक्षा याच वर्णनात्मक धर्तीवर आणली आहे, त्यामुळं पूर्वी या वाटेवर निरुपयोगी ठरणारा विषय आता उपयोगी पडतो. अभ्यासक्रम आटोपशीर आहे, दर महिन्याला चालू घडामोडींची भर पडत नाही. उणी बाजू म्हणजे मराठीत नीट नोट्स कमी आणि उत्तरात भाषा सैल झाली की गुण सरळ कमी होतात.

बँकेच्या परीक्षेत मात्र तर्कशास्त्र शिकलेल्यालाच एक गमतीदार फटका बसतो. प्रश्न असा येतो: "सर्व पेन पुस्तके आहेत. सर्व पुस्तके टेबल आहेत. निष्कर्ष: काही पेन टेबल आहेत." बी.ए.ला चिन्हांकित तर्कशास्त्र शिकलेला विद्यार्थी म्हणतो, "सर्व" या विधानातून पेन मुळात अस्तित्वात आहेत हे निघत नाही, मग "काही पेन" कुठून आले? तो निष्कर्ष चूक ठरवतो आणि गुण घालवतो. या परीक्षा जुन्या, ॲरिस्टॉटलच्या पद्धतीनं चालतात. त्यात "सर्व" म्हटलं की "काही" आपोआप निघतं. म्हणून परीक्षेपुरतं आधुनिक तर्कशास्त्र खुंटीला टांगायचं.

पण स्पर्धा परीक्षेतला खरा खर्च पदवीचा नसतोच, तो पुण्याचा असतो. मराठवाड्यातलं पोरगं बी.ए. करून सदाशिव पेठेत जातं. कॉट बेसिसवर खोली ४,०००, मेस ३,५००, अभ्यासिका १,२००, चहा-नाष्टा-रिचार्ज-झेरॉक्स धरून महिन्याला साधारण दहा हजार समजा. क्लासची फी वेगळी. दोन वर्षांचे २ लाख ४० हजार झाले. आपल्याकडं पाच वर्षांच्या पदव्यांना जेवढं लागतं त्याच्या जवळपास. या पैशाला शैक्षणिक कर्ज मिळत नाही, ते सोनं गहाण टाकून किंवा उसनवारीवर उभं राहतं. म्हणून लोक जेव्हा म्हणतात "तत्त्वज्ञान शिकून कर्जबाजारी झाला", तेव्हा खोदून बघा. बहुतेक वेळा कर्ज पेठेतलं असतं.

वकिलीची वाट थोडक्यात. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला कुठलीही पदवी चालते, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, सीईटी द्यावी लागते. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड इथं जुनी विधी महाविद्यालयं आहेत. युक्तिवाद मांडायची सवय इथं उपयोगी पडते. पण तालुका कोर्टात ज्युनिअरशिपची पहिली वर्षं जवळजवळ बिनपैशाची असतात, आणि न्यायाधीशाच्या कनिष्ठ स्तर परीक्षेलाही मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तीन वर्षांची वकिली लागते. तेवढी वर्षं घरून ओढता येत असेल तरच.

खर्चाकडं वळू. गावाहून संभाजीनगरला किंवा नांदेडला राहायला गेलेल्या विद्यार्थ्याचा वर्षाचा हिशेब असा धरा: खोलीतला वाटा महिना १,८०० प्रमाणे दहा महिन्यांचे १८,०००. मेस २,८०० प्रमाणे २८,०००. अनुदानित महाविद्यालयाची फी आणि परीक्षा शुल्क मिळून ७,०००. पुस्तकं, झेरॉक्स, गावी येणं-जाणं ५,०००. एकूण ५८,०००. पाच वर्षांचे २ लाख ९० हजार. बघा, यात फी जेमतेम आठवा हिस्सा आहे. उरलेला सगळा खर्च पोटाचा आणि डोक्यावरच्या छपराचा. विद्यार्थी पासवर एसटीत ६६.६७ टक्के सवलत असते, त्यामुळं महाविद्यालय तीस-पस्तीस किलोमीटरच्या आत असेल तर खोली आणि मेसचे ४६,००० जवळजवळ वाचतात. रोज दोन तास जातात, हे खरं. तत्त्वज्ञानाला प्रयोगशाळा लागत नाही, वाचन एसटीतही होतं.

शासकीय वसतिगृहाला अर्ज करूनही जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. महानगरपालिका असलेल्या शहरात वर्षाला ५१,००० रुपये, पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत ६०,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम आणि ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. ५८,००० मधून ५१,००० गेले तर वर्षाला सात हजार उरतात, म्हणजे कर्जाचा विषयच संपतो. फक्त पैसे उशिरा येतात आणि ते अडकतात ते भलत्याच कारणांनी. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात न जाता आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मध्येच कुणी मोबाईल पेमेंट बँकेत खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडं पडतात आणि पोरगं इकडं पासबुक भरत बसतं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, नवा काढल्याशिवाय नूतनीकरणाचा अर्ज पुढं सरकत नाही. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला पडून राहतो, तो पुढं पाठवला का हे आठवड्यातून एकदा लिपिकाला जाऊन विचारावंच लागतं.

आणखी एक गोष्ट कुणी मांडत नाही, ती म्हणजे तारखांची. प्रवेश जून-जुलैत होतात, नेमकी पेरणीची वेळ. बी-बियाणं, खतात घरातला शेवटचा पैसा गेलेला असतो. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात. मधल्या चार महिन्यांसाठी जी उचल होते ती शेकडा तीननं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. वीस हजार चार महिन्यांसाठी घेतले तर २,४०० व्याज. तेवढ्यावर थांबलं तर ठीक, पण पाऊस रुसला की ते पुढच्या सालावर जातं. म्हणून प्रवेशाच्या वेळीच प्राचार्यांना अर्ज देऊन दुसरा हप्ता नोव्हेंबरात मागून घ्या. बरीच महाविद्यालयं ऐकतात. बचत गटाचं कर्ज शेकडा एक-दीडनं मिळत असेल तर ते आधी वापरा.

आता बँक. शैक्षणिक कर्जाची सर्वसाधारण चौकट अशी: ४ लाखांपर्यंत तारण नाही, आई किंवा वडील सहकर्जदार. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला पतहमी निधीचं, म्हणजे बँकेला सरकारी हमीचं, संरक्षण मिळू शकतं. त्यापुढं तारण. शिक्षणाचा काळ आणि वर एक वर्ष हप्ता नाही, नंतर १५ वर्षांपर्यंत फेड. शेतजमीन तारण घ्या म्हटलं की शाखाधिकारी मान हलवतात. त्यामागं कारण आहे: सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, बुडीत कर्जासाठी बँकेला ती त्या मार्गानं जप्त करता येत नाही. गावातली वीस एकर बँकेच्या लेखी शहरातल्या एका फ्लॅटपेक्षा कमी ठरते.

व्याजमाफीच्या योजना असतात, पण त्यांची दारं तत्त्वज्ञानाला अर्धीच उघडतात. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिकण्याच्या काळातलं पूर्ण व्याज माफ करणारी केंद्राची योजना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साधी बी.ए. त्यात बसत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे. त्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना १० लाखांच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे, पण वर्षाला एक लाखच विद्यार्थी, त्यातही सरकारी संस्था आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्राधान्य. केंद्रीय विद्यापीठात, उदाहरणार्थ हैदराबादला, एम.ए. करणाऱ्यानं अर्ज जरूर करावा. पण सवलत मिळेलच असं धरून मुद्दल ठरवू नये.

अनेक शाखा बी.ए.चं कर्ज तोंडीच नाकारतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नकार द्यायचा तर वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीनं आणि कारण कळवून द्यावा, असा बँकांचा स्वतःचा नियम आहे. पोच मागितली की अर्धे नकार तिथंच विरघळतात. खोली आणि मेसचा वाजवी खर्चही कर्जात धरता येतो, पण बँक पावती मागते. म्हणून खोलीमालकाकडून साध्या कागदावर का होईना, भाड्याची सही घेऊन ठेवा.

आता तो दहा लाखांचा हिशेब. पुण्या-बंगळुरूच्या खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठात फी आणि राहणं मिळून वर्षाला आठ-दहा लाखही लागतात, त्यातला काही भाग कर्जानं उचलायचा असं समजा. १० लाख, तीन समान हप्त्यांत, व्याज १०.५ टक्के. शिकण्याच्या काळात सरळव्याज लागतं. पहिल्या वर्षीच्या ३ लाख ३३ हजारांवर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन. एकूण ३ लाख १५ हजार व्याज चढून फेड सुरू होते ती १३ लाख १५ हजारांवर. १५ वर्षांसाठी हप्ता साधारण १४,५३६. पहिल्या हप्त्यातले ११,५०६ व्याजात जातात, मुद्दल कमी होतं फक्त ३,०३०नं. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता ८ लाख ७२ हजार भरले तरी बाकी असते सुमारे १० लाख ७७ हजार, म्हणजे मुळात उचललेल्या रकमेहून जास्त. शेवटपर्यंत भरले तर २६ लाख १६ हजार. तासिकेच्या २०,२५० मधून १४,५३६ गेले की उरतात ५,७१४. त्यात खोली आणि मेससुद्धा भागत नाही.

उलट बाजूनं या. हप्ता पहिल्या पगाराच्या १५ टक्क्यांच्या आत हवा. २०,००० चे ३,०००. तेवढ्या हप्त्यात १५ वर्षांत २ लाख ७१ हजार फिटतात. बी.ए.-एम.ए. सलग पाच वर्षं आणि वरचं एक वर्ष धरून व्याज सरासरी चार वर्षांचं चढतं, म्हणजे ४२ टक्के. त्या हिशेबानं मूळ मुद्दल निघतं १ लाख ९० हजार. वर सांगितलेली दोन लाखांची मर्यादा ही अशी आली. पाच वर्षांच्या २ लाख ९० हजारांतले एक लाख, वर्षाला वीस हजार, घरून किंवा कमवा व शिका योजनेतून उभे करायचे, बाकी कर्ज. शिकतानाच व्याज भरत गेलात तर बऱ्याच बँका एक टक्का सूटही देतात. १० लाखांच्या उदाहरणात तेवढं केलं तर एकूण भरणा, सूट न धरताही, तीन लाखांहून अधिक कमी होतो.

बी.ए.नंतर वर्षभर ड्रॉप घेणाऱ्यांची इथं गोची होते. सवलतीचा काळ अभ्यासक्रम संपल्यापासून मोजतात. पेठेत अभ्यास चालू असतानाच हप्त्याचा मेसेज येतो, तो वडिलांच्याही मोबाईलवर, कारण ते सहकर्जदार आहेत. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं, दोघांचंही सिबिल उतरतं आणि वडील पीककर्जाचं नूतनीकरण करायला जातात तेव्हा तेच समोर येतं. ड्रॉप घ्यायचाच असेल तर आधी बँकेत जाऊन पुढच्या शिक्षणाचा बेत लेखी द्या आणि मुदतवाढ मागा. थकल्यानंतर गेलात तर कुणी ऐकून घेत नाही.

"अमेरिकेत तत्त्वज्ञानवाले सगळ्यांत पुढं असतात" असे व्हिडिओ फिरतात. तिथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेच्या भाषिक आणि लेखन विभागांत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी वरच्या सरासरीत असतात, हे खरं आहे. पण तिथं ती पदवी घेणारे बरेच जण पुढं लॉ स्कूलला जातात आणि मुळात चांगलं वाचणारेच हा विषय निवडतात. गुणांचं श्रेय विषयाला किती आणि विद्यार्थ्याला किती, हे वेगळं काढता येत नाही. त्या आकड्यावर बीडमध्ये कर्ज काढू नये. परदेशी जायचंच तर पीएच.डी.ला जा, अमेरिकेत चांगल्या विभागांत ती फी माफ आणि विद्यावेतनासह मिळते. ब्रिटनची एका वर्षाची एम.ए. बहुतांश स्वखर्चानं, ती टाळा. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, तरी व्हिसासाठी ११,९०४ युरो, म्हणजे अकरा-बारा लाख रुपये, खात्यात दाखवावे लागतात आणि तत्त्वज्ञानाचे बरेच अभ्यासक्रम जर्मनमध्येच चालतात.

कर भरताना ८०-ई कलमाखाली कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, आठ वर्षांपर्यंत, मर्यादेशिवाय. पण फक्त जुन्या करप्रणालीत, आणि वीस-पंचवीस हजार पगारावर मुळात करच बसत नाही. ती धरून मोठं कर्ज काढण्यात अर्थ नाही. मुदतीआधी भरायला दंड नसतो, म्हणून जेआरएफची थकबाकी किंवा सोयाबीनचा चांगला भाव, जे हाती येईल त्यातलं काही थेट मुद्दलात भरा. भरताना शाखेत लेखी सांगा की ही रक्कम मुद्दलात जमा करा आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. नाहीतर कधी ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहते. शेवटचा हप्ता गेला की बेबाकी, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा, दाखला घ्या, आणि दोन महिन्यांनी वडिलांचा सिबिल अहवाल काढून कर्ज बंद दाखवतंय का ते बघा. सहकर्जदाराच्या नावावर ते उघडंच राहिल्याचं बहुधा पुढच्या पीककर्जाच्या वेळी कळतं.